डू ॲज डायरेक्टेड

इंग्रजीच्या पेपरात सगळ्यात सोपे मार्क कुठले, असं होस्टेलवर कुणालाही विचारा. ‘ग्रामर’ हेच उत्तर येणार. निबंधाला सर किती देतील सांगता येत नाही, कवितेच्या ॲप्रिसिएशनमध्ये काय लिहायचं तेच कळत नाही, पण ग्रामर म्हणजे फॉर्म्युला! ‘टू’ काढा, ‘सो-दॅट’ घाला. ‘ॲज सून ॲज’ काढा, ‘नो सूनर’ घाला. एकवीस अपेक्षितचे संच सोडवले की झालं.

मला हे पटत नाही. मी भोरकडचा. सुट्टीत गावी गेलो की भोर-वेल्ह्याची (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडात वेल्हेच आहे) दहावी-बारावीची पोरं इंग्रजी विचारायला येतात. फॉर्म्युले सगळ्यांचे पाठ असतात. मार्क मात्र तिथेच जातात. आणि गंमत अशी, की मराठीतून शिकणाऱ्या पोराला याच प्रश्नांत खरं तर फायदा आहे, पण ते त्याला कुणी सांगत नाही.

आता हे वाक्य बघा : ‘द घाट इज टू स्टीप फॉर द ट्रक टू क्लाइंब.’ रिमूव्ह ‘टू’. पोरं लिहितात, ‘द घाट इज सो स्टीप दॅट द ट्रक कॅनॉट क्लाइंब.’ फॉर्म्युला बरोबर, पण शेवटचा ‘इट’ राहिला. ट्रक काय चढू शकत नाही? घाट. पहिल्या वाक्यात तो शब्द परत सांगावा लागत नव्हता, दुसऱ्यात लागतो. ‘इट विसरू नका’ असं दहा वेळा सांगून हे डोक्यात बसत नाही. ‘काय चढू शकत नाही?’ असं एकदा मराठीत विचारलं की बसतं.

‘नो सूनर’चं तर आणखी सोपं. ‘नो सूनर डिड द बस रीच भोर दॅन इट स्टार्टेड रेनिंग.’ पोरांना हे वाक्य परग्रहावरचं वाटतं. अरे, पण आपण बोलताना काय म्हणतो? ‘बस भोरला पोचते न पोचते तोच पाऊस सुरू झाला.’ तो मधला ‘न’ आणि तो ‘तोच’ कुठून आले? आपली आजीसुद्धा ‘नो सूनर’ बोलते, फक्त मराठीत. एकदा हे दिसलं की मग ‘डिड’ आल्यावर ‘रीच्ड’ का नाही एवढंच उरतं. भूतकाळ ‘डिड’ने आधीच दाखवलाय, दुसऱ्यांदा दाखवायची गरज नाही.

पण सगळ्यात जास्त घोळ आहे तो व्हॉइसचा. ‘ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी’ असं एका ओळीत सांगून मोकळं होतात. ‘मी पत्र लिहिलं’ हा आपल्या व्याकरणात कर्मणी प्रयोग. इंग्रजीत तेच ‘आय रोट अ लेटर’, म्हणजे चक्क ॲक्टिव्ह! हुशार पोरगं इथे अडकतं, मठ्ठ अडकत नाही, कारण ते विचारच करत नाही. मराठीत क्रियापद कर्माशी जुळलं (पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली) म्हणून आपण त्याला कर्मणी म्हणतो. इंग्रजीत प्रश्न वेगळा असतो. कर्त्याची जागा कोणी घेतली? दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलं की गोंधळ होणारच. आपण मेकॅनिक्समध्ये फोर्स आणि मोमेंट एकच समजलो तर चालेल का?

पॅसिव्हला खरं जुळणारं मराठी आपल्याला रोज दिसतं. ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की रविवारी रात्री मेस बंद ठेवण्यात येईल.’ कोण कळवतंय? कोण बंद ठेवणार? भांडायला जायचं तर कुणाकडे? नाव कुठेच नाही. हा आहे पॅसिव्ह व्हॉइस, आणि तो याच कामासाठी वापरतात.

आता जरा आमच्या भागाकडे या. पानशेत, वरसगाव, भाटघर, नीरा-देवघर. भोर-वेल्ह्यात धरणांना तोटा नाही. पाणी खाली जातं आणि गावं पाण्याखाली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात हाहाकार झाला, हे सगळ्यांना माहीत आहे. इंग्रजीत ‘द डॅम बर्स्ट.’ बदला बघू याचा व्हॉइस! निम्मा वर्ग ‘वॉज बर्स्ट’ लिहितो. होत नाही, कारण कर्मच नाही. आणि हे ओळखायला मराठी पोराला इंग्रजी यायलाच हवं असं नाही. ‘फुटणे’ वेगळं, ‘फोडणे’ वेगळं. तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, बुडणे-बुडवणे. आपल्याकडे क्रियापदाचं रूपच सांगतं, की करणारा कुणी आहे की नाही. इंग्रजीत ‘ब्रेक’ एकच, ‘सिंक’ एकच. तिथे वाक्याची रचना बघावी लागते.

‘गाव बुडालं’, ‘गाव बुडवलं’, ‘गावाची जमीन संपादित करण्यात आली’. तिन्ही वाक्यं एकाच गावाबद्दल आहेत. पहिलं गावातला म्हातारा बोलतो, तिसरं कागदावर असतं. दुसरं कोण बोलतं ते तुम्हीच ठरवा. ज्या घरात असे कागद पेटीत ठेवलेत, त्या घरातल्या पोराला व्हॉइस म्हणजे दोन मार्कांचा प्रश्न एवढंच शिकवायचं, हे मला फार स्वस्तातलं शिकवणं वाटतं.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. वेळ कुठे आहे? पोराला पस्तीस मिळू देत आधी. बरोबर आहे. बारावीला इंग्रजी सक्तीचं आहे, ते राहिलं तर सीईटीचा स्कोअर घेऊन काय करायचं! म्हणूनच म्हणतो. फॉर्म्युल्यावर निघालेलं पोरगं वाक्य जरा वाकडं आलं की थांबतं. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे बारावीपर्यंत बारा वर्षं. तरी इथे आल्यावर प्लेसमेंटच्या टेस्टला व्हर्बलच्या सेक्शनमध्ये ‘चूक ओळखा’ आलं, की आपण चारही ऑप्शन मनात वाचून ‘कानाला बरं वाटतंय’ ते टिक करतो. कानाला बरं वाटायला लहानपणापासून ऐकलेलं असावं लागतं. कॉन्व्हेंटवाल्यांचं त्यावर भागतं. आपल्याला वाक्य उघडूनच बघावं लागणार : कर्ता कुठला, कर्म आहे का, काळ कुणी धरलाय. एफबीडी काढतो तसं. मला तरी यात कमीपणा वाटत नाही.

तर एनएसएसच्या सरांना एक विनंती. हिवाळी कॅम्प वेल्ह्याकडे नेता आला तर खोदकाम आणि प्रभातफेरीनंतर संध्याकाळचा एक तास दहावीच्या पोरांसाठी ठेवा. शिकवायला मराठी मीडियमचे तीन-चार जण पुरेत. गाईड नेऊ नका. गावातल्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस घ्या आणि त्यातला कर्ता शोधायला सांगा.