गळा तोच, मंडप वेगळा

16 नोव्हेंबर 2019. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये केटी पेरी गात होती. सगळे नाचत होते. मी तिचा सूर कुठे टेकतो ते ऐकत होते. चर्चच्या गायनवृंदात वाढलेल्या माणसाची ही सवय. केटीही पाळक आईवडिलांची मुलगी. 2001 मध्ये केटी हडसन या नावाने तिने ख्रिस्ती गीतांचा अल्बम काढला, तो चालला नाही. 2008 मध्ये नव्या नावाने पॉप गाऊन ती जगभर पोहोचली.

आमच्या वृंदातली एक मुलगी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात गाऊ लागली, तेव्हा ‘देवाने दिलेला गळा विकला’ असं बोललं गेलं. मला ते फार लागलं. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस चर्चच्या वृंदप्रमुखाचे चिरंजीव. मुंबईत येऊन त्यांनी हिंदी सिनेमासाठी व्हायोलिन वाजवलं, संगीतकार प्यारेलालना शिकवलं. त्यांचा आपण अभिमान बाळगतो. मग गाणाऱ्या मुलीलाच बोल का?

ती रविवारी अजून येते. पापण्यांवर शनिवार रात्रीची चमकी, आवाज थोडा बसलेला. पेटीवर मी सूर धरते आणि ती खालच्या पट्टीतली ओळ अचूक उचलते.