हिरव्या सतरंजीचं खूळ

आमच्या फिनिक्सच्या आसपास, म्हणजे चँडलर, गिल्बर्ट वगैरे भागात, घरं घेतलेल्या आयटीवाल्या मराठी मंडळींना सध्या एक नवीन खूळ लागलंय. बॅकयार्डात पुटिंग ग्रीन! ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: गोल्फमध्ये शेवटी चेंडू हलक्या हाताने घरंगळवत भोकात घालायचा असतो, त्या गुळगुळीत हिरवळीला ग्रीन म्हणतात. घरी तीच कृत्रिम गवताची करून घेतात.

गोल्फबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः खेळतो. वाईट खेळतो, पण खेळतो. तक्रार आहे ती ग्रीनच्या नावाखाली अख्खं बॅकयार्ड प्लास्टिकने मढवण्याबद्दल. भोकं तीन, जागा लागते 200-250 चौरस फूट, आणि कोटेशन येतं 1200 चौरस फुटांचं. का? तर "आता करतोच आहोत तर सगळीकडेच टाकू." हा आपला राष्ट्रीय युक्तिवाद :)

विचारलं की उत्तर तयार असतं. "अरे, पाणी वाचतं!" मान्य, वाळवंटात राहतो आपण. 2021 मध्ये कोलोरॅडो नदीवर पहिल्यांदाच अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि सगळ्यात मोठी कपात ॲरिझोनाच्या वाट्याला आली. पण पाणी वाचतं ते कशाच्या तुलनेत? खऱ्या बर्म्युडा गवताच्या. तुमच्या बॅकयार्डात आज नुसती खडी आणि एक पालो व्हर्डेचं झाड आहे, तिथे कुठलं पाणी वाचवताय? बेसलाइन सोयीची निवडली की कुठलाही बेंचमार्क जिंकता येतो, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना मी सांगायचं म्हणजे कमाल झाली.

आता उष्णता. युटामधल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात 2002 मध्ये फुटबॉलच्या कृत्रिम मैदानावर तापमानं मोजली होती. हवा 98 फॅरनहाइट असताना मैदानाचा पृष्ठभाग 200 पर्यंत गेला, म्हणजे आपल्या हिशोबाने 93 सेल्सिअस. चहाला उकळी यायला सातच अंश कमी! मग त्यांनी पाणी मारून बघितलं. 174 वरून 85 वर आलं खरं, पण पाच मिनिटांत पुन्हा 120 आणि वीस मिनिटांत 164. आता कुणी म्हणेल, त्यात रबराचे दाणे होते, आमच्या ग्रीनमध्ये वाळू असते. असू दे. थोडा फरक पडेलही. पण युटातल्या त्या दिवशी हवा 98 होती, आणि आपल्याकडे 2023 च्या उन्हाळ्यात सलग 31 दिवस पारा 110 किंवा त्याच्या वर होता. त्यात तुमचं दोन वर्षांचं पोर अनवाणी बाहेर पळणार. आणि तुम्ही काय करणार? पाइप घेऊन गवत थंड करत बसणार. तेच गवत, जे पाणी वाचवायला आणलं होतं!

गंमत म्हणजे हे गवत नावारूपाला आलं ते हूस्टनच्या ॲस्ट्रोडोममुळे. 1965 मध्ये छतवालं स्टेडियम बांधलं, छताच्या पारदर्शक तावदानांमुळे खेळाडूंचे डोळे दिपून चेंडू दिसेना, म्हणून तावदानं रंगवली, मग उन्हाअभावी खरं गवत मेलं, आणि 1966 मध्ये प्लास्टिकचं अंथरलं. जिथे ऊन पोचत नाही तिथली ही तोड. ती आपण ॲरिझोनाच्या उन्हात अंथरतोय.

बरं, निदान ग्रीन तरी नीट करतात का? तेही नाही. विक्रेता सॅम्पलचे तुकडे घेऊन येतो, "हात फिरवून बघा, किती मऊ" म्हणतो, आणि घरातले सगळे साडी निवडावी तसा रंग निवडतात. अहो, दीड-दोन इंची मऊ लव बसायला बरी. पुटिंगला लव हवी अर्ध्या इंचाच्या आसपास, दाट, उभी. आणि गवताहून जास्त महत्त्वाचं ते त्याच्या खाली काय आहे. आपल्याकडे गावाला अंगण कसं करतात आठवतं? आधी माती टाकायची, पाणी शिंपडायचं, चोपण्याने चोपून चोपून घट्ट करायची, मगच सारवण. इथेही तेच. तीन-चार इंच खणायचं, बारीक चुरा खडी थराथराने टाकायची, प्रत्येक थर ओला करून यंत्राने दाबायचा. एका थरात सगळी ओतली तर वरून टणक दिसते आणि वर्षभरात खड्डे पडतात. आपल्या जमिनीत कॅलिचीचा चुनखडीसारखा थर असतो, त्यातून पाणी मुरत नाही. उतार नसेल तर जुलैच्या वादळी पावसात ग्रीनचं डबकं. उलट भोकाजवळ तीन टक्क्यांहून जास्त उतार दिलात तर चेंडू थांबायचं नावच घेत नाही.

रोलचा पन्हा साधारण 12 किंवा 15 फुटांचा असतो. ग्रीनची रुंदी त्यात बसवा, म्हणजे मधे जोड येत नाही. जोडावरून चेंडू उडी मारतो, आणि उन्हात सगळ्यात आधी तोच उकलतो. खिडकीच्या लो-ई काचेचं परावर्तन जिथे पडतं तिथे तर गवत चक्क वितळतं, तेव्हा आधी दुपारी उभं राहून बघा. या सगळ्याबद्दल कोटेशनमध्ये एक ओळ असते: "बेस प्रेप". बास. अठरा हजार डॉलर आणि दोन शब्द!

आणि हे काही कायमचं नाही. दहा-पंधरा वर्षांत पाती झडतात, मग ती वाळूसकट जड गुंडाळी बहुतेक वेळा कचरा डेपोत. कॅलिफोर्नियाने 2015 च्या दुष्काळात घरमालकांच्या सोसायट्यांना अशा गवतावर बंदी घालायला मनाई केली होती. त्याच राज्याने 2023 मध्ये शहरांना बंदीची मुभा दिली. आठ वर्षांत वारं फिरलं.

आमच्या हापिसातल्या एका दादाचं सध्या हेच चाललंय. विक्रेत्याने त्याला पालो व्हर्डे काढून टाकायला सांगितलंय, कारण एप्रिलमध्ये त्याची पिवळी फुलं गवतावर पडतात. मी म्हटलं, "दादा, तेवढी एकच सावली आहे तुझ्याकडे. बारा बाय वीसची ग्रीन कर, खाली नीट चोपून घे, बाकी खडी राहू दे." तो म्हणाला, "तू वहिनीशी बोल."

रविवारी जेवायला बोलावलंय. कोटेशन महिनाअखेरपर्यंत व्हॅलिड आहे.