ओहमचा बडेजाव

पूर्वपक्ष असा मांडला जातो: ज्या हेडफोनचा इम्पीडन्स (म्हणजे ओहममध्ये मोजलेला विजेचा रोध) जास्त, त्याचा आवाज चांगला. बत्तीस ओहमचे हेडफोन फोनवाल्यांसाठी, अडीचशे-तीनशेचे जाणकारांसाठी आणि सहाशेचे खऱ्या दर्दींसाठी. असा हेडफोन फोनला ‘पेलत नाही’, त्याला भरपूर वॅटचा वेगळा अ‍ॅम्प लागतोच आणि तो जोडला की आवाज ‘खुलतो’. लॅमिंग्टन रोडवरच्या काउंटरवर विचारा किंवा घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या एखाद्या पोराला विचारा, ही विधानं साधारण याच क्रमाने कानावर पडतात आणि पाठोपाठ अ‍ॅम्पची किंमतही. यातलं पहिलं विधान साफ चूक आहे. बाकीच्यांत थोडं तथ्य आहे, पण ते सांगणाऱ्याला वाटतं त्या ठिकाणी नाही.

ओहम हा दर्जाचा आकडा नाही. चपलेचा नंबर मोठा म्हणून चप्पल भारी ठरत नाही, तसंच हे. जर्मनीतल्या बायरडायनॅमिकने डीटी ८८० हा एकच हेडफोन ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन रूपांत विकला. याच कंपनीचा टी-वन २००९ मध्ये आला तेव्हा ६०० ओहमचा होता. २०२० मधली त्याची तिसरी आवृत्ती ३२ ओहमची आहे. आपला सर्वांत मानाचा हेडफोन या लोकांनी अकरा वर्षांत एकोणीसपट बिघडवून ठेवला, असं समजायचं का? सेनहायजरने तर दोन्ही दिशांनी प्रवास केला. एचडी ६५० तीनशे ओहमचा, २०१७ मधला एचडी ६६०एस दीडशेचा आणि २०२३ मधला ६६०एस-टू पुन्हा तीनशेचा. आकडा वर-खाली झाला म्हणून कंपनीची पत वर-खाली झाली नाही.

इथे सहसा एक शास्त्रीय वाटणारा युक्तिवाद पुढे येतो. जास्त ओहम म्हणजे बारीक तार, बारीक तार म्हणजे हलकी कॉइल, हलकी कॉइल म्हणजे चपळ पडदा. ऐकायला बिनतोड. पण कागदावर मांडून बघा. तेवढ्याच जागेत दुप्पट वेढे बसवायचे तर तारेचा छेद निम्मा करावा लागतो. लांबी दुप्पट आणि छेद निम्मा, म्हणून रोध चौपट. तांब्याचं वजन मात्र होतं तेवढंच राहिलं! आता दोन्ही कॉइलना सारखी पॉवर द्या. चौपट रोधाच्या कॉइलमधून निम्मा करंट वाहील, पण चुंबकाच्या फटीत तार दुप्पट आहे; म्हणजे पडद्याला मिळणारा रेटा तोच. एका मॉडेलच्या ३२ आणि ६०० ओहमच्या आवृत्त्यांत थोडा फरक ऐकू येतो हे मी नाकारत नाही. तो बांधणीतल्या बारकाव्यांचा फरक आहे. ओहम चढवले की आपोआप मिळणारं ते बक्षीस नव्हे.

मग हे मोठे आकडे आले कुठून? सोयीतून. सेनहायजरचा १९६८ मधला एचडी ४१४ दोन हजार ओहमचा होता. त्या काळी घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरवर हेडफोनसाठी वेगळं सर्किट क्वचितच असायचं. स्पीकरच्याच लाइनला एक रेझिस्टर लावून जॅक काढलेला असे. त्या जॅकचा स्वतःचाच रोध शंभर-दोनशे ओहमच्या घरात जायचा. अगदी १९९६ मधल्या आंतरराष्ट्रीय मानकातही हेडफोन जॅकसाठी १२० ओहम धरलेले आहेत. अशा जॅकला कमी ओहमचा हेडफोन जोडला तर त्याचा सूर बिघडतो, जास्त ओहमचा फारसा हलत नाही. स्टुडिओत आणखी एक अडचण. एकाच अ‍ॅम्पवर दहा जण ऐकणार असतील तर ३२ ओहमचे दहा हेडफोन समांतर जोडून जेमतेम तीन ओहम उरतात आणि अ‍ॅम्प घायकुतीला येतो. सहाशेचे दहा जोडले तर साठ. पुढे १९७९ मध्ये दोन सेलवर, म्हणजे तीन व्होल्टवर चालणारा वॉकमन आला. तेवढ्या व्होल्टेजमध्ये काम भागवायचं तर ओहम खाली आणण्याला पर्याय नव्हता. ‘फोनचे’ आणि ‘दर्दींचे’ ही विभागणी तिथून आली आहे. ती विजेच्या सोयीची विभागणी. कानाची प्रतवारी तिच्यात कुठेच नाही.

आता दुसरा मुद्दा, पेलण्याचा. ‘जास्त ओहम म्हणजे जास्त पॉवर’ हे बरोबर नाही. जास्त ओहमला व्होल्टेज जास्त लागतं, करंट कमी. किती आवाजाला किती पॉवर लागेल हे सेन्सिटिव्हिटीवर ठरतं. डीटी ८८० च्या ६०० ओहमच्या रूपाची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला ९६ डेसिबल आहे. गाण्यातल्या सर्वांत जोरकस क्षणांसाठी ११० डेसिबलपर्यंत मजल ठेवायची म्हटलं (आणि हे भरपूर झालं) तर पंचवीस मिलिवॅट पुरतात. पंचवीस मिलिवॅट! दोन-दोन वॅटच्या जाहिराती डोळ्यांपुढे ठेवून हा आकडा पुन्हा वाचा. पण ते पंचवीस मिलिवॅट ६०० ओहममधून काढायला जवळजवळ चार व्होल्ट हवेत, आणि फोनच्या छोट्या डोंगलकडे ते नसतात. अडचण व्होल्टची आहे, वॅटची नाही.

खरा पेलायला अवघड हेडफोन बघायचा असेल तर हायफायमॅनचा एचई-सिक्स घ्या. इम्पीडन्स फक्त ५० ओहम. आपल्या पूर्वपक्षाच्या हिशेबाने सोपा गडी. पण सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला साडेत्र्याऐंशी डेसिबल. त्याच ११० डेसिबलला साडेचारशे मिलिवॅटच्या आसपास पॉवर, पावणेपाच व्होल्ट आणि नव्वदहून जास्त मिलिअँपियर करंट लागतो. भले भले अ‍ॅम्प इथे हात टेकतात. ओहमकडे बघून अ‍ॅम्प घेणारा माणूस या हेडफोनपाशी हमखास फसतो.

म्हणजे फोन पुरतो का? कोणता हेडफोन आणि काय ऐकता, यावर अवलंबून आहे. एचडी ६५० ची सेन्सिटिव्हिटी कंपनी एका व्होल्टला १०३ डेसिबल देते. अ‍ॅपलचा बोटाएवढा डोंगल सुमारे एक व्होल्ट देतो (युरोपात विकला जाणारा त्याच्या निम्माच, घेताना बघून घ्या). आजचं सिनेमाचं गाणं दाबून, घोटून छताला टेकवलेलं असतं, त्यामुळे त्या डोंगलवर एचडी ६५० कान किटतील इतका वाजतो. पण मैफिलीचं एखादं ध्वनिमुद्रण लावा. विलंबित ख्यालाची सुरुवात, मंद्रातले स्वर, मागे दोन तानपुरे, आणि पुढे तासाभराने येणाऱ्या तानांसाठी राखून ठेवलेली जागा. इथे सरासरी पातळी सहज दहा डेसिबलने खाली असू शकते, आणि दहा डेसिबल भरून काढायला व्होल्टेज तिप्पट लागतं. आवाजाचा काटा टोकाला नेऊनही षड्ज लांबूनच येतोय असं वाटतं ते या वेळी. तक्रार खरी आहे. मात्र ती तीन-चार व्होल्टनी मिटते, आणि तेवढे व्होल्ट बऱ्याच यंत्रांत आधीपासून असतात. १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोचा २०२१ पासूनचा जॅक समोरच्या हेडफोनचा इम्पीडन्स ओळखतो आणि १५० ओहमच्या वर असेल तर तीन व्होल्टपर्यंत जातो. असा लॅपटॉप घरात असताना त्याच्या शेजारी अ‍ॅम्पची पेटी मांडणारे मी पाहिले आहेत.

राहिला तो ‘खुलण्याचा’ चमत्कार. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. अ‍ॅम्प जोडला, आवाज दोन-तीन डेसिबलने वाढला, की तबल्याचा बायाँ भरल्यासारखा वाटतो, तानपुऱ्याची जवारी जवळ येते. ऐकणारा म्हणतो, खुलला. आवाज वाढलाय हे त्याच्या लक्षातही येत नाही, इतका तो फरक लहान असतो. शहानिशा करायला फार खर्च नाही. शंभर हर्ट्‌झचा सूर लावायचा, हेडफोन जोडलेला असतानाच वायरच्या जोडावर मल्टीमीटर एसी व्होल्टवर धरायचा आणि फोनचा व अ‍ॅम्पचा आकडा शेकडा एकच्या आत जुळेपर्यंत काटा फिरवायचा. मग कोण काय जोडतंय हे न बघता ऐकायचं. फोन त्या पातळीला आपल्या मर्यादेच्या आत असेल, तर खुलणं बहुधा तिथेच मिटतं.

याला एक सन्माननीय अपवाद आहे: आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेले व्हॉल्व्ह अ‍ॅम्प. बॉटलहेड क्रॅकसारख्या अ‍ॅम्पचा स्वतःचा रोध १२० ओहमच्या आसपास असतो. एचडी ६५० नावाला तीनशे ओहमचा असला तरी खर्जात, ऐंशी-शंभर हर्ट्‌झच्या आसपास, तो पाचशेपर्यंत चढतो. त्यामुळे या जोडीत तिथला आवाज डेसिबलभर उचलला जातो. लोक त्याला ऊब म्हणतात. ऊब खरी आहे आणि गोडही आहे. इक्वलायझरची एक पट्टी सरकवूनही ती मिळते, एवढं फक्त लक्षात असू द्यावं. बत्तीस ओहमच्या हेडफोनला हाच अ‍ॅम्प लावलात तर खर्ज कितीतरी जास्त फुगू शकतो.

म्हणून माझं मंडन हे: हेडफोन आधी निवडावा आणि तो कानाने, डोक्यावर ठेवून निवडावा. एचडी ६०० किंवा ६५० घ्यावा तो त्यातला मानवी गळा खरा वाटतो म्हणून. तीनशे ओहम हा त्याचा योगायोगाचा गुण समजावा. आपलं नेहमीचं ध्वनिमुद्रण आणि आपलाच फोन घेऊन दुकानात जावं. हे दोन्ही हेडफोन मागून उघडे असतात. पंख्याची घरघर आत येते आणि गाणं बाहेर जातं, हे दोन खोल्यांच्या घरात ओहमपेक्षा पुष्कळ महत्त्वाचं आहे. मग सेन्सिटिव्हिटीवरून किती व्होल्ट लागतात ते काढावं. आकडा एका मिलिवॅटचा दिलाय की एका व्होल्टचा, हे नीट वाचावं. तीनशे ओहमला या दोहोंत पाच डेसिबलचा फरक पडतो आणि जाहिरातीत सोयीचा तोच छापतात. अ‍ॅम्प लागलाच तर त्याचे ३२ ओहमवरचे वॅट विचारू नयेत. आपल्या हेडफोनवर किती व्होल्ट, आणि जॅकचा रोध किती, एवढंच विचारावं. तो एक-दोन ओहमच्या आत असेल तर पुढे कोणताही हेडफोन बदला, सूर बिघडणार नाही. उरलेले पैसे हेडफोनवर किंवा मैफिलीच्या तिकिटांवर जाऊ द्यावेत.

शेवटी ‘बॅलन्स्ड’वाल्यांसाठी. ४.४ मिलिमीटरच्या जॅकमधून साधारण दुप्पट व्होल्टेज मिळतं हे खरं, आणि सहाशे ओहमला ते उपयोगी पडतं. एचडी ६५० ची वायर सुटी होते, तिथे नवी वायर घेतली की काम झालं. डीटी ८८० ची वायर एका कपातून निघते आणि पक्की जोडलेली असते. ती बॅलन्स्ड करायची तर कप उघडून डाग द्यावा लागतो. त्याआधी अ‍ॅम्पच्या साध्या ६.३ मिलिमीटरच्या जॅकवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचा. चार असतील तर सोल्डरिंग आयर्न तापवायचं कारण नाही.