ढाक्याची बातमी, जबलपूरचे कैदी

१७ डिसेंबर १९७१ला कराचीच्या ‘डॉन’चा मथळा होता : विजय मिळेपर्यंत युद्ध. आदल्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानच्या पूर्वेकडील फौजेचे सेनापती जनरल नियाझींनी शरणागतीवर सही केली होती. ती बातमी मात्र ‘स्थानिक सेनापतींमधल्या व्यवस्थेनुसार लढाई थांबली’ अशी गुळमुळीत. हेच नियाझी पुढे आपल्या जबलपूरच्या १०० क्रमांकाच्या छावणीत युद्धकैदी होते. एप्रिल १९७४अखेर ते वाघा ओलांडून परतले.

त्या युद्धातली सर्वांत धाडसी बातमी एका पाकिस्तानी पत्रकाराचीच. अँथनी मस्कारेन्हास गोवेकर कुटुंबातले, जन्म बेळगावचा, नोकरी कराचीच्या ‘मॉर्निंग न्यूज’मध्ये. एप्रिल १९७१मध्ये लष्कराने आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात नेले. सारे सुरळीत आहे, असे त्यांनी लिहायचे होते. सात जणांनी लिहिले. मस्कारेन्हासांनी कोमिल्ला भागात गावे जाळणारे, माणसे टिपणारे सैनिक पाहिले होते. लंडन गाठून, बायकामुलांना कराचीतून सुखरूप काढून त्यांनी तोंड उघडले. १३ जूनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये सारे छापून आले. बंगाल्यांनी केलेली उर्दूभाषक बिहाऱ्यांची कत्तलही त्यांनी लपवली नव्हती. आपल्याकडच्या विजय दिवसाच्या पुरवण्यांत तेवढा भाग क्वचितच वाचायला मिळतो.

आपली युद्धकथा ३ डिसेंबरला सुरू होते, बांगलादेशाची २६ मार्चच्या स्वातंत्र्यघोषणेपासून. नऊ महिने लढलेली बंगाली मुक्तिवाहिनी आपल्या पानांवर दुय्यम ठरते, ही खंत तिथले लोक बोलून दाखवतात आणि ती रास्त आहे. मृतांचा आकडा ढाका ३० लाख सांगते. पाकिस्तानी लष्कराने पराभवाची चौकशी करणाऱ्या हमूदुर रहमान आयोगापुढे २६ हजार सांगितला. त्या आयोगाचा अहवाल पाकिस्तानने दडपला होता. २००० साली ‘इंडिया टुडे’ने त्यातला भाग छापला, तेव्हा कुठे तो तिथल्या सरकारने खुला केला. शेजाऱ्याचे झाकलेले उघडताना आपल्याला हुरूप येतो. चीनकडून झालेल्या १९६२च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल मात्र आपल्या सरकारने आजवर जाहीर केलेला नाही. त्यासाठीही आपल्या वृत्तपत्रांनी तितक्याच जोराने भांडले पाहिजे.

वाचकहो, तोफगाड्यांच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांवर आपल्या जबलपूर शहरातली कितीतरी घरे उभी राहिली. कुणाचे वडील, आजोबा नियाझींच्या त्या छावणीत पहाऱ्यावर, दवाखान्यात, रसदीच्या कामावर असतील. त्यांना विचारा, पाहिलेले तेवढेच लिहून पाठवा. एखाद्या कैद्याविषयी चांगले काही आठवत असेल, तर तेही गाळू नका. पुढच्या दिवाळी अंकात आम्ही ते छापू.