माशी कोणी सरळ करावयाची?

उत्तर प्रदेशातील अमेठी जिल्ह्यात कोरवा येथे 'एके-२०३' या रायफलीचे उत्पादन सुरू झाले असून, डिसेंबर २०२१ मधील करारानुसार सहा लाखांहून अधिक रायफली लष्करास मिळावयाच्या आहेत. जुलै २०२४ पर्यंत त्यांपैकी ३५ हजार देण्यात आल्या. आकड्यांची चर्चा पुष्कळ झाली. या शस्त्रांची पारख कोणी व कशी करावयाची, या प्रश्नाकडे मात्र द्यावे तेवढे लक्ष दिले गेलेले नाही.

रायफलीच्या नळीच्या टोकाशी नेम धरण्यासाठी जी बारीक खुंटी असते, तिला माशी म्हणतात. मूळ कलाश्निकोव्ह रायफलीत मागील खाच व पुढील माशी यांत ३७८ मिलिमीटरचे अंतर असते. साधे त्रैराशिक मांडले, तर माशी एक मिलिमीटर सरकल्यास गोळी १०० मीटरवर सुमारे २६ सेंटिमीटर आणि ३०० मीटरवर पाऊण मीटरहून अधिक ढळते. एवढ्या अंतरात शत्रू निसटतो आणि जवानाचा प्राण धोक्यात येतो.

दोष शोधण्याची रीत सोपी आहे. रायफल भक्कम टेकवून एकाच जागी नेम धरून चार गोळ्या झाडाव्यात. छिद्रे विखुरली, तर नेमबाजाचा हात, काडतुसे वा नळी तपासावी. ती एकत्र, परंतु लक्ष्याच्या एकाच बाजूस पडली, तर दोष बहुधा माशीचा असतो. अशा वेळी गोळ्या जिकडे गेल्या तिकडेच माशी सरकवावयाची असते: डावीकडे गेल्या तर डावीकडे, वर गेल्या तर वर. मग पुन्हा चार गोळ्या. काम काही मिनिटांचे आहे. माशीची बैठकच नळीवर तिरपी बसली असेल, तर मात्र सरकविण्यास वावच उरत नाही. ती रायफल कारखान्यात परत गेली पाहिजे. ती परत गेली नाही, तर चांदमारीवर बोल लागतो तो जवानाच्या हाताला.

१९९९ च्या कारगिल युद्धात 'इन्सास' रायफलीची मॅगझिने थंडीत तडकत असल्याच्या तक्रारी आल्या. तपासणीचा शिक्का त्या शस्त्रावरही होताच. केवळ शिक्का पुरेसा नसतो, हा त्यातील धडा होय. त्यानंतर १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या, आणि २०२४ मध्ये चाचण्या व निर्णय त्वरेने व्हावेत म्हणून संरक्षण मंत्रालयाच्या गुणवत्ता संचालनालयाची फेररचना करण्यात आली. विलंबामुळे लष्कराचे नुकसान होते, हे खरेच; तेव्हा त्वरेला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु ज्याच्यावर उत्पादनाचे उद्दिष्ट गाठण्याचा भार आहे, त्यानेच अखेरचा निर्वाळाही द्यावा, ही व्यवस्था धोक्याची ठरेल.

प्रत्येक रायफल कारखान्यातच झाडून पाहिली जावी, अंतिम मान्यता उत्पादकाहून स्वतंत्र यंत्रणेने द्यावी, आणि पलटणीतील शस्त्रकारागिराने नोंदविलेला दोष रायफलीच्या क्रमांकासह कारखान्याकडे परत जावा, एवढी तरी तरतूद आवश्यक आहे. कारखान्यात चार गोळ्यांनी जी चूक उघड होते, तिची किंमत सीमेवर जवानाला मोजावी लागू नये.