टीव्हीच्या तारा लपवताना

मैत्रिणींनो, आपल्या अकोटकडे कापसाचे पैसे हाती आले, की घराला रंग द्यायचं निघतं. रंगामागोमाग बैठकीत भिंतीवरचा टीव्हीही येतो. टीव्ही दिसतो देखणा, पण त्याखाली लोंबणाऱ्या दोन-तीन काळ्या तारा पाहिल्या की नव्या रंगाची शोभाच जाते. मग आपण वायरमनला म्हणतो, "भाऊ, या तारा भिंतीत गाडून टाका बरं!" इथंच जरा थांबायला हवं.

माझ्या नणंदेच्या घरी असंच झालं. टीव्हीबरोबर आलेली वायर कारागिराने भिंतीत तिरपी खाच पाडून बसवली आणि वरून सिमेंट फिरवलं. भिंत कशी स्वच्छ! दोन वर्षांनी वन्सं सासूबाईंचा फोटो लावायला खिळा ठोकू लागल्या, तो थेट तारेत! भक्कन ठिणगी उडाली आणि घरभर अंधार झाला. खिळा रबरी मुठीच्या पकडीत धरला होता म्हणून निभावलं. तार कुठून गेली, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

तेव्हा तार नजरेआड करावी, पण आठवणीआड करू नये.

टीव्हीची स्वतःची वायर भिंतीत पुरण्यासाठी केलेलीच नसते. तिच्यातून २३० व्होल्टची वीज जाते. ओल लागली, आवरण चिरलं, तर बाहेरून काही दिसत नाही आणि बदलायची म्हटली तर भिंतच फोडावी लागते.

योग्य रीत अशी आहे. रंगाच्या आधीच टीव्हीची जागा ठरवा. खाली बसून पाहणार की सोफ्यावर, त्याप्रमाणे उंची धरा. टीव्हीच्या मागे झाकला जाईल असा प्लगचा पॉइंट काढून घ्या. मात्र तो भिंतीवरच्या ब्रॅकेटच्या आड येऊ देऊ नका. बटण खालच्या बोर्डावर ठेवा. तिथपर्यंतची वायर आयएसआय मार्कची असावी आणि ती पीव्हीसी पाइपातून, सरळ उभी किंवा सरळ आडवीच न्यावी. तिरपी कधीच नको.

डिश आणि सेट-टॉप बॉक्सच्या तारांसाठी पाइप वेगळा हवा. विजेच्या पाइपात त्या घालू नयेत. एचडीएमआय तारेचं टोक रुंद असतं, म्हणून हा पाइप दीड-दोन इंची घ्या, वळण गोलसर ठेवा आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पुढे नवी तार ओढायची झाली तर तीच उपयोगी पडते.

प्लास्टर चढण्याआधी उघड्या पाइपांचा, शेजारी मोजपट्टी धरून, मोबाइलवर फोटो काढा. मापं वहीतही लिहा. वन्संच्या घरी एवढंच केलं असतं, तर?

रंग झालाय आणि फोडाफोड नको आहे? मग प्लॅस्टिकची पट्टी उत्तम. ती कोपऱ्याने किंवा चौकटीच्या कडेने न्या आणि भिंतीच्याच रंगाने रंगवा. चार दिवसांत तिच्याकडे लक्षही जात नाही. उरलेली वायर मात्र घट्ट गुंडाळून आत कोंबू नका, ती तापते.

जुन्या धाब्याच्या घरांत भिंत मातीची असते. तिच्यात ब्रॅकेटचे बोल्ट धरत नाहीत. तिथं टीव्ही भक्कम टेबलावरच बरा. तारा टेबलामागून पट्टीतून न्याव्यात. उंदरांचा त्रास असेल तर पट्टीची टोकं उघडी सोडू नयेत.

शेवटचं, पण महत्त्वाचं. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नव्हे. शॉकपासून जपायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मेन बोर्डात बसवून घ्या आणि त्यावरचं 'टेस्ट'चं बटण अधूनमधून दाबून पाहा. आणि भिंतीत खिळा ठोकण्याआधी आधी मेन स्विच बंद, मग हातोडी, बरं का!