झाडाखाली कोण बसलंय?

मुलांनो, आज आधी माझीच एक चूक सांगते.

मागे आमच्या मंठ्याच्या शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात, उंची-वजन घेतात. काट्यावरचा आकडा मी मोठ्याने वाचायची आणि वहीत लिहायची. चौथीतल्या एका मुलाचं वजन वाचलं मात्र, सगळा वर्ग फिदीफिदी हसला. "काटा मोडला बाई!" मागून कुणीतरी ओरडलंच.

दुसऱ्या दिवशी तो मधल्या सुट्टीत जेवला नाही. खो-खोच्या तासाला झाडाखाली जाऊन बसला. म्हणाला, "बाई, मी गुण मोजतो."

आता तुम्हीच सांगा. ज्याने पळायला हवं, त्यालाच आपण हसून हसून झाडाखाली बसवलं की नाही?

आणि उपाशी राहणं? ते तर मुळीच नको. तुमचं वय वाढीचं आहे. डॉक्टरांनी मला समजावलं, "वजन आहे तिथं जरा थांबलं आणि उंची वाढत गेली, तरी पुष्कळ मुलांचं अंग मापात येतं. पोट मारू नका, सवयी बदला."

जाडी हा काही शहरातल्याच मुलांचा प्रश्न राहिलेला नाही. देशात पाच वर्षांखालच्या मुलांत जादा वजनाची मुलं 2015-16 मध्ये 2.1 टक्के होती, 2019-21 मध्ये 3.4 टक्के झाली. पाच रुपयांची पुडी आता वाडी-तांड्यावरही मिळते ना!

एक प्रयोग करा. कोला पेयाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. 100 मिलीलिटरमागे साधारण 10 ग्रॅम साखर असते. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम. तेवढी साखर वाटीत काढून बघा. चांगली पाच-सहा चमचे भरते! आम्ही वर्गात हे केलं, तेव्हा सगळे गप्पच झाले.

मग खायचं काय? घरचंच की! ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, काकडी, ताक. आपला जालना जिल्हा तर मोसंबीचा. रस काढून वर साखर घालू नका, फोडी सोलून खा. टीव्ही-मोबाइल बघत जेवू नका, किती खाल्लं ते कळत नाही. आणि रात्री लवकर झोपा. तुमच्या वयाला नऊ तास तरी झोप हवीच.

खेळायचं किती? जागतिक आरोग्य संघटना सांगते, रोज निदान 60 मिनिटं. एका दमात नाही जमलं तर थोडं थोडं करून. दोरीवरच्या उड्या, लगोरी, सायकल, काहीही चालेल.

आम्ही मात्र खो-खोच निवडला. का माहितीये? पाठलाग करणाऱ्यांचे आठ गडी बसलेले असतात, पळतो एकच. जरा पळायचं, खो द्यायचा, बसायचं. दम लागणाऱ्याला याहून सोयीचा खेळ कोणता? गुण मोजायचं काम आता पाळीपाळीने सगळ्यांना आहे.

पहिल्या दिवशी तो तिसऱ्या गड्यापर्यंत जाऊन धापा टाकायला लागला. आता अख्खी फेरी पुरी करतो. तो बारीक झालाय का? अजून नाही. पण डबा पुरा खातो आणि घंटा झाली की मैदानाकडे पहिला धावतो. मीसुद्धा आता कुणाचं वजन मोठ्याने वाचत नाही. ज्याचं त्याला हळूच सांगते.

तुमच्या शाळेतही असं एखादं झाड असेल. खाली कोण बसलंय, उद्या बघा. त्याला खेळायला हाक मारा.

पण हाक मारायची ती त्याच्या खऱ्या नावाने हं!

तुमची,
बाई